हबीबभाईंचा फ्रिज आणि दोनशे तीस व्होल्ट

औरंगपुऱ्यातल्या आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक, जळालेले टीव्ही. दोन, ते जळाले कसे याच्या कहाण्या. टीव्ही भंगारवाला नेतो. कहाण्या कोण नेणार? त्या माझ्याच गळ्यात पडतात!

दुकान माझं आणि हबीबभाईंचं. टीव्ही मी बघतो, स्टॅबिलायझर ते. गिऱ्हाईक आलं की त्यांचं पालुपद सुरू, "घर में दो सौ तीस व्होल्ट चाहिए. दस टक्का ऊपर, दस टक्का नीचे. उसके बाहर का करंट हराम!"

* * *

वैजापूरचे एक कांद्याचे व्यापारी जळका टीव्ही घेऊन आले.

मी म्हटलं, "शेठ, मागच्या खेपेला स्टॅबिलायझर नेला होता ना?"

"व्हय, नेला की! लावलाबी व्हता."

"मग?"

"तुमीच म्हनले, तिकडं व्होल्टेज लई वाढतंय. म्हनलं, एवढी नवीकोरी वस्तू जळून जायची. काढून कपाटात ठिवली!"

हबीबभाई उठले आणि पाणी प्यायले.

* * *

वाळूजच्या कंपनीत कामाला असलेले पवार आमचं जुनं गिऱ्हाईक. वादळात त्यांच्या गल्लीतली न्यूट्रलची तार तुटली. ती तुटली की दोनशे तीसच्या जागी घरात चारशेपर्यंत काहीही घुसू शकतं. पवारांच्या घरातला साधा बल्ब हॅलोजनसारखा पेटला. त्यांच्या आईनं शेजारणींना हाका मारल्या, "या गं, बघा तरी! आज लाईट कशी झ्याक आली!"

शेजारणी आल्या, कौतुक केलं आणि आपापल्या घरी जाऊन सगळी बटणं दाबून बसल्या!

दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली आमच्या दुकानात. पवारांच्या आई सगळ्यांच्या पुढं. "आधी माझ्याच घरी आली व्हती!" त्या ठसक्यात म्हणाल्या.

* * *

लोकांचं राहू द्या. खुद्द हबीबभाईंचा फ्रिज हाय व्होल्टेजनं जळाला! अख्खी गल्ली हसली. नवा फ्रिज आला तेव्हा त्यांच्या बायकोनं, शबानाभाभींनी सरळ दम दिला, "ये भी जला ना, तो दुकान के बोर्ड पे मैं खुद कालक पोतूंगी!"

हबीबभाईंनी धसका घेतला. स्टॅबिलायझर लावला, त्याच्या आधी आणखी एक कटआउट लावला आणि तो दोनशे चाळीसवर सेट केला. काटा त्याच्या वर गेला की फ्रिज बंद. आमच्या गल्लीत तो बहुतेक वेळ वरच असतो. मी एकदा थंड पाणी मागितलं, तर हे आधी मीटर बघून आले.

"जाधवसाहब, अभी दो सौ छप्पन है. माठ का चलेगा?"

* * *

आणि मग ईद आली. भाभींनी मातीच्या वाट्यांत फिरनी, म्हणजे तांदळाची थंड खायची खीर, लावून फ्रिजमध्ये ठेवली. माहेरची माणसं येणार, गल्लीला आवतण. पण ईदमुळे गल्लीतली वेल्डिंगची आणि सुतारकामाची दुकानं बंद. लोड नाही, म्हणून व्होल्टेज चढलेलं. दोनशे अठ्ठावन्न! फ्रिज गप्प.

"डायरेक्ट लगाओ!" भाभी म्हणाल्या.

"जल गया तो?"

"तो बोर्ड काला!"

हबीबभाईंचा चेहरा मला बघवेना. शेवटी मी डोकं चालवलं. आमची सगळी घरं एकाच फेजवर. लोड वाढवला की व्होल्टेज उतरणारच! मी घरोघर पळालो. गीझर लावा, मोटार लावा, पाण्यात हीटर सोडा! भर उन्हात लोकांनी पाणी तापवायला घेतलं.

कुलकर्णीकाकूंनी दारातूनच विचारलं, "फिरनी मिळणार ना रे नक्की? मग दोन्ही इस्त्र्या लावते!"

मी पळत परत आलो, तर हबीबभाई मीटरसमोर उभे. दोनशे पन्नास... दोनशे त्रेचाळीस... दोनशे अडतीस! फ्रिज घुरघुरला. हबीबभाईंनी मला कडकडून मिठी मारली. मला तर रडूच यायचं बाकी होतं. मी गॅलरीतून ओरडलो, "फ्रिज चालू झाला!"

थोड्याच वेळात बघतो तर दारात अख्खी गल्ली, इस्त्रीच्या कपड्यांत. सगळ्यात पुढं कुलकर्णीकाकू.

आत टक् असा आवाज आला. फ्रिज गप्प.

भाभी हातात पळी घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"काकू... इस्त्री?"

"बंद करून आले की गं! पेटती इस्त्री टाकून कुणी फिरनी खायला येतं का?"