ताटातले दोन प्रोसेसर

खंडेनवमीला आमच्या नंदनवन भागातल्या दुकानात पूजा होते ती माझ्या टेबलावरच्या सामानाची. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, चिमटे, सगळं आई ताटात मांडते आणि हळदीकुंकू वाहते. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यामुळे धुळीचा आणि भुकटीचा मला मनस्वी राग. दरवर्षी कुरकुरतो. आई ऐकलं न ऐकल्यासारखं करते.

त्या वर्षी तिनं टेबलावर मी वेगवेगळे ठेवलेले दोन प्रोसेसरही ताटात मांडले. एवढे चकचकीत, त्यांनाच कसं वगळायचं? दोन्हींवर तिनं सढळ हातानं कुंकू घातलं. आरती झाल्यावर मी ते उचलले, तणतणत स्पिरिटनं पुसले आणि मग लक्षात आलं की कोणता कोणाचा, हे आता सांगता येत नाही.

एक दुकानातला होता. दुसरा बेसा भागात राहणाऱ्या एका काकूंचा. त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्या मुलानं सुटे भाग आणून घरीच जोडला होता. तो मुलगा आता नाही. कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला म्हणून काकूंनी आणला, तेव्हाच बजावलं होतं की आतलं काही बदलायचं नाही, फक्त साफ करायचं.

दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे, एकाच लॉटचे. वरची छापील अक्षरं तीच. लावून पाहिले तर दोन्ही चालू. कोणताही बसवला असता तरी काकूंना कळलं नसतं. पण मला चैन पडेना. फोन करून जे झालं ते सांगून टाकलं.

काकू ऑटोनं आल्या, पिशवीत प्रोसेसरचा रिकामा खोका घेऊन. मुलानं तो जपून ठेवला होता. चार शब्द ऐकून घ्यायची तयारी मी केली होती. त्या स्टुलावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मले तोच पायजे. त्याचा हात लागलेला."

खोक्याच्या स्टिकरवर त्या एकाच प्रोसेसरचा पूर्ण नंबर होता. प्रोसेसरवर मात्र तो आकड्यांत नसतो. कडेच्या हिरव्या पट्टीवर तिळाएवढा चौकोन असतो, बारीक ठिपक्यांचा, त्यात नंबर दडलेला. मोबाइलनं स्कॅन केला की तो उलगडतो. पण ते फिकट ठिपके मोबाइलला दिसेचनात. दिवा तिरपा धरला, पंखा बंद केला, मोबाइलवर चिडलो, आईकडेही रागानं पाहिलं. ती चहा ठेवून ताटातलं उरलेलं कुंकू करंड्यात भरत होती. माझं तणतणणं तिला लागलं होतं.

शेवटी भिंग घेतलं. एका चौकोनाच्या कोपऱ्यात माझ्या पुसण्यातून थोडं कुंकू निसटलं होतं. तेवढेच ठिपके लखलखीत दिसत होते. लेझरच्या त्या बारीक खड्ड्यांत लाल भुकटी बसली होती.

मी आईकडे कुंकवाचा करंडा मागितला. ती बघतच राहिली.

त्या चौकोनावर चिमूटभर कुंकू चोळून वरचं हलकेच झटकलं. मोबाइल लगेच वाजला. नंबर काकूंचा नव्हता. म्हणजे दुसरा त्यांचाच, हे उघड होतं. पण त्यांना नंबर डोळ्यांनी पाहायचा होता. मी करंड्याकडे हात नेला तर आईनं तो उचलून काकूंपुढे धरला.

काकूंनी हात मागे घेतला. त्यांचं कपाळ बरीच वर्षं मोकळं होतं. आईचंही तसंच आहे, त्यामुळे तिला ते लगेच कळलं. म्हणाली, "लेकाची वस्तू आहे. तुमीच लावा वं बाई."

काकूंनी बोट बुडवलं. त्या तिळाएवढ्या जागेवर त्यांनी ते इतक्या हळू फिरवलं की मला दुसरीकडे पाहावं लागलं. मोबाइल वाजला. मी नंबर मोठ्यानं वाचत गेलो, त्या खोक्यावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेल्या. शेवटचा जुळला तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी सवयीनं स्पिरिटची बाटली घेतली. काकू म्हणाल्या, "ते पुसू नको."

प्रोसेसरवर धुळीचा कणही मी कधी राहू देत नाही. तो मात्र कडेच्या कुंकवासकट बसवला.