पुसलेल्या कॅसेटवरची शिंक

माझा धंदा रेडिओ-टेप दुरुस्तीचा. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलो. 'आधी वायर तपासा' हे माझं ठरलेलं उत्तर. आज मात्र मीच लिहायला बसलोय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही नगरचे, भिंगारचे. सत्तरच्या दशकात माझा दादा — माझ्याहून सहा वर्षांनी मोठा — इंग्रजी रॉक गाण्यांपायी वेडा झाला होता. कॅम्पातल्या मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणायचा, रेडिओसमोर माइक धरायचा आणि अख्ख्या घराला गप्प बसवायचा. आई तेवढ्या वेळात भांडंसुद्धा वाजू द्यायची नाही. शब्द आम्हाला ओ की ठो कळत नसत, पण गिटार सुरू झाली की दादा वेगळाच माणूस व्हायचा. अशी एक कॅसेट त्याने दोन वर्षांत भरली. कुणी पुसू नये म्हणून तिच्या पाठच्या दोन्ही खिट्या मोडून टाकल्या.

माझ्या लग्नात अंतरपाट धरला आणि कोरी कॅसेट सापडेना. मी त्या खिट्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि दादाच्या कॅसेटवर मंगलाष्टकं भरली. दुसऱ्या बाजूला उखाणे!

चार दिवसांनी दादाने ती लावली, ऐकली, खिशात घातली आणि निघून गेला. नंतर पस्तीस वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही 'एवढ्याशा कॅसेटपायी?' म्हणत ताठ राहिलो. चूक माझी होती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दादा सुप्याला कारखान्यात लागला, तिथेच त्याने घर बांधलं. यंदा गेला. त्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेही तेराव्याला. जेवणं उरकल्यावर, भर दुपारी, वहिनींनी डेक आणि ती कॅसेट पुढे ठेवली.

"भाऊजी, आजारपनात रोज हीच लावायचे. इंग्रजी गानी."

"वहिनी, यात माझ्या लग्नाची मंगलाष्टकं आहेत."

"न्हाई वो. ऐका तरी."

त्यांनी बटण दाबलं. मला स्वच्छ ऐकू आलं — भटजी, सनई, 'सावधान'. पण वहिनींची मान वेगळ्याच तालात डोलत होती. पुतणी टेबलावर बोटं वाजवत होती. तो ठेका मी ओळखला... लहानपणी दादाच्या गाण्यांबरोबर पत्र्याच्या डब्यावर मी तोच वाजवायचो.

"काका, आता शिंक येनार बघा," पुतणी म्हणाली, आणि दोघी एकदम हसल्या. "पप्पा म्हनायचे, ही धाकट्याची शिंक. रेकॉर्डिंगच्या मधेच शिंकला, मग लई हानला त्याला!"

शिंकलो मीच होतो, मारही मीच खाल्ला होता. आणि ती शिंक मी स्वतः पुसली होती. वरून रेकॉर्डिंग केलं की खालचं काही उरत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगण्यात माझं आयुष्य गेलंय.

कॅसेट घरी आणली. बायकोलाही गाणीच ऐकू आली, वर मलाच विचारते, "मग माझे उखाणे कुठे गेले?" डेक बदलला, हेड पुसलं, शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. कान ठणठणीत आहेत म्हणे.

परवा दुकानाचं शटर अर्धं ओढून कॅसेटसमोर मोठ्याने म्हणालो, "दादा, चुकलं माझं." बटण दाबलं. भटजी सुरू झाले.

खरं सांगतो, राग येतो. सगळ्यांना ऐकवतो, मला तेवढं नाही! हे कसं होतं, ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा. नगरहून सुप्याला एसटीने तासभरही लागत नाही. तो जिवंत होता तेव्हा मी एकदाही गेलो नाही.