निळे ठिपके

एक गोष्ट अकरा वर्षं माझ्या घशात अडकली आहे. बायकोला सांगितलेली नाही, पीएच.डी.च्या गाइडला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो. पण जरा वळसा घालून येईन — सरळ यायची हिंमत असती तर अकरा वर्षं लागली असती का?

जालन्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो. पीएच.डी. तड्यांवर केली, त्यामुळे जुन्या जालन्यात कुणाच्या भिंतीला तडा गेला की फोन मला. अहो, माझा विषय भिंत नाही! माझा विषय धातूची पट्टी. आतून पावासारखी छिद्रं असलेली — एका बाजूला छिद्रं भरपूर, दुसऱ्या बाजूकडे जाता जाता कमी कमी. ती एका टोकाला आवळायची, हातोडीनं टिचकी मारायची आणि सेकंदाला किती वेळा थरथरते ते मोजायचं. मग बारीक करवतीनं तिला चीर पाडायची आणि पुन्हा मोजायचं. चिरेनं थरथर मंदावते. चीर घट्ट बाजूला पडली तर जास्त मंदावते, पोकळ बाजूला पडली तर कमी. बस्स. एवढ्यासाठी माणूस डॉक्टर होतो.

पट्ट्या बनवल्या साळवेमामांनी. मामा आमच्या लॅबचे असिस्टंट, मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. साच्यात मिठाचे खडे भरायचे, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरळ. त्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओतायचं आणि गार झाल्यावर मीठ पाण्यात विरघळवून काढायचं. मिठाच्या जागी छिद्रं राहतात. पण पाणी आणायचं कुठून? आमच्याकडे नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. मामा घरच्या ड्रममधलं पाणी कॅनमध्ये भरून स्कूटरवर आणायचे, रोज बदलायचे आणि पट्टी चक्क जिभेला लावून बघायचे. "अजून खारट लागून राह्यली, सर." महिनाभर हेच. वरून लेप दिल्यावर बाजू ओळखू येईनात, म्हणून त्यांनी प्रत्येक पट्टीच्या पोकळ बाजूवर निळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला. गाइड इतके खूश झाले की म्हणाले, रिसर्च पेपरात साळवेंचंही नाव टाकू. मामांनी ते घरी सांगितलं, गावात सांगितलं, कँटीनवाल्याला दोनदा सांगितलं.

येतो. मुद्द्यावर येतोच आहे.

मला पट्ट्यांचा फोटो हवा होता. ठिपके फोटोत वाईट दिसत होते — हो, एवढंच कारण! थिनरनं पुसले, फोटो काढला, आणि कुठली बाजू कुठली हे विसरल्यावर अंदाजानं परत दिले. मामांच्याच डबीतला रंग, मामांचाच ब्रश. सांगायचं राहून गेलं, असं लिहिणार होतो. राहून कसलं जातंय? लाज वाटली म्हणून सांगितलं नाही.

चीर पाडायच्या दिवशी मामांनी सवयीनं पान्यानं पट्टीवर टकटक केली, माठ घेताना करतात तशी. आणि थांबले.

"सर, ही ठिपक्याची बाजू कडक वाजून राह्यली. उलटी बसली का काय? जरा थांबा."

मी खेकसलो. "मामा, खूण तुमचीच आहे ना? की आता कानानं पीएच.डी. करायची?"

ते ठिपक्याकडे बघत राहिले. "खूण तर बराबर माझीच हाय," म्हणाले, आणि पाना खाली ठेवला.

सहाही पट्ट्यांना चिरा पडल्या. आकड्यांचा मेळ बसेना. शेवटी गाइडनी एक पट्टी आडवी कापली, तर ठिपका घट्ट बाजूवर! सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, खुणा कुणी केल्या?

मी म्हणालो, "साळवेमामांनी."

यात खोटं काय होतं, सांगा! खुणा त्यांनी केल्याच होत्या. या एका वाक्यावर मी अकरा वर्षं स्वतःशी वकिली करतो आहे आणि रोज हरतो आहे. इतकं साधं होतं — "नंतर मी पुसल्या" एवढे तीन शब्द. मामांनी मान खाली घातली. "चूक झाली, सर." पेपरातलं नाव गेलं, लॅबही गेली. त्यांना झेरॉक्सच्या खोलीत बसवलं. मी बाहेरून नव्या पट्ट्या करून घेतल्या आणि डॉक्टर झालो.

मागच्या उन्हाळ्यात ते बाजारात भेटले. माठवाल्यापाशी उभे होते, माठ मात्र मामी वाजवून बघत होत्या. "माझ्या कानाला आता कळत न्हाई, सर," मामा हसून म्हणाले. मीही हसलो. काय माणूस आहे मी!

गेल्या महिन्यात मामा रिटायर झाले. विभागप्रमुख म्हणून शाल मीच घातली. मग मामांनी माइक हातात घेतला.

"माझ्या एका चुकीनं सरांचं वरीसभराचं काम वाया गेल्तं. पण सरांनी एकदा बी बोलून दाखवलं न्हाई. लई मोठ्या मनाचा माणूस."

सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मी उठून उभा राहिलो आणि हात जोडले.