कुणाची फॅमिली?

रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा अधिकाऱ्यांमध्ये बाई मी एकटीच. माझं घर पेणला, रामवाडीत. इथे नदीपलीकडच्या अष्टमी गावात एका मावशींकडे खोली घेतली होती. कॉलेजात बॅडमिंटन खेळायचे, म्हणून कंपनीच्या रोह्यातल्या कॉलनीत ऑफिसर्स क्लबचा हॉल पाहून हरखलेच. लगेच सेक्रेटरींना भेटले.

"मेंबर फक्त पुरुष," ते सौम्यपणे म्हणाले. "लेडीज रविवारी येतात, फॅमिली म्हणून."

"पण मी स्वतःच ऑफिसर आहे."

"ते खरं, पण... तुम्ही कुणाची फॅमिली?"

धुसफुसत खोलीवर आले. मावशी ऐकून तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "मग भायेर खेळ गो! मैदान काय त्यांच्या बापाचं हाय?" आणि त्यांनी माळ्यावरून नवऱ्याचं मासेमारीचं जुनं जाळं काढून दिलं.

क्लबच्या खिडक्यांसमोरच मी दोन बांबूंना ते बांधलं. पहिल्यांदा कॉलनीतली एक शाळामास्तरीण आली, मग तिच्या मैत्रिणी. पदर खोचून खेळायच्या. वाऱ्यानं फूल भलतीकडे जायचं, नाहीतर जाळ्यात अडकायचं. अडकलं की ओरडा सुरू, "घावला गो, बोईट मासा घावला!" जाळ्याला मासळीचा वास अजून होताच. हसून हसून पोट दुखायचं.

पुरुष आधी खिडकीतून बघायचे, मग बाहेर कट्ट्यावर येऊन बसायला लागले. एका संध्याकाळी सेक्रेटरींच्या बायकोनं आपली पर्स त्यांच्या हातात दिली आणि सरळ मैदानात उतरली.

"अगं, आज रविवार नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर इथे आले!"

कट्टाभर हशा. तेही हसले, पर्स सांभाळत.

क्लबच्या पुढच्या मीटिंगला बायकांना मेंबर करायचा विषय त्यांनीच काढला. पत्ते खेळणारे दोघे-तिघे कुरकुरले, बाकीच्यांनी हात वर केले.

हॉलमधला माझा पहिला सामना सेक्रेटरींशीच झाला. मला वाऱ्यात खेळायची सवय आणि आत वारा नाही, त्यामुळे माझे सगळे फटके लाइनीबाहेर. सपाटून हरले. "उद्या परत या," ते घाम पुसत म्हणाले. पूल ओलांडून अष्टमीला परतताना मी रॅकेट हवेत फिरवत, समोरून येणाऱ्या सायकलवाल्यांची पर्वा न करता, चक्क पळत सुटले होते.