मागच्या खोलीत नेट आलं तो दिवस

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांपैकी आहे. या सदरातले अनुभव मी जेवताना नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं मिळून त्यांची चिरफाड करायचो... "मांजर असेल", "बाईला झोप आली असेल". आता माझ्यावर कोणी हसलं तर माझी काही तक्रार नाही.

घर दिग्रसचं. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून होते, त्यांनी जमेल तसं बांधलेलं. समोर दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, तिथवर स्लॅब, आणि सगळ्यात मागे टिनाची खोली. छत टिनाचं आणि दोन भिंतीही टिनाच्याच. पण संडास-बाथरूम तिला लागून, म्हणून आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तिचा पलंग तिथेच टाकला. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ आले. विम्याचे क्लेम तपासायचं माझं काम, घरून करता येतं, फक्त नेट हवं, कारण दिवसभर मीटिंगा.

तर नेट होतं समोरच्या खोलीत. ते स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत यायचं आणि तिथेच बसकण मारायचं. मागच्या खोलीत मोबाइललाही रेंज नाही. मी समोर बसून काम करायचे, पण कान मागे. एकदा कॉलवर असताना आई एकटीच उठायला गेली. मी धावत पोचले तेव्हा ती पलंगाची कड धरून अर्धवट खाली लोंबत होती. त्या दिवसापासून मी तिची खोली सोडेना, आणि मीटिंगमधून सारखी गळायला लागले. मॅनेजर माणूस चांगला, पण तोही शेवटी म्हणाला — नेटचं काहीतरी बघ, नाहीतर ऑफिसला ये. म्हणजे एकतर नोकरी सोडायची, नाहीतर आईला पुण्याला चौथ्या मजल्यावर न्यायचं. आणि पुण्याचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड फिरवायची.

मी राउटर कपाटावर ठेवून पाहिला, दाराच्या चौकटीला टांगून पाहिला. सिग्नल पुढे ढकलणारं एक यंत्र मागवून ओट्याजवळ लावलं. त्यानेही टिनापुढे हात टेकले. शेवटी गल्लीतल्या इरफानभाईंना बोलावलं. केबलच्या काळापासून आमच्या भागातल्या वायरी तेच ओढतात. त्यांनी फोन हातात धरून सगळं घर पालथं घातलं.

"ताई, टिन हाय न हे, टिनात सिग्नल मरून जाते. स्लॅबवरून वायर घेऊ अन् मांगच्या पाइपले नेट फेकाचा एक डबा लावू. तोंड खिडकीकडे केलं का काम झालं."

मागचा पाइप म्हणजे आमच्या अँटेनाचा पाइप! अँटेनाच्या काड्या कधीच झडून गेल्या होत्या, पण पाइप स्लॅबच्या मागच्या कडेला बाहेरून आवळलेला, तसाच उभा होता. तो फिरवायचा तर टिनावरच उभं राहावं लागतं.

माझं अर्धं लहानपण त्या पाइपात अडकलं आहे. रविवारी संध्याकाळी सिनेमा, समोरच्या खोलीत गल्ली गोळा झालेली, दारात चपलांचा ढीग, आणि नेमकं रंगात आलं की पडद्यावर मुंग्या. बाबा लगेच शिडी लावून टिनावर. टिन दबू नये म्हणून ते खिळ्यांच्या रांगेवरूनच पाय टाकायचे, सावकाश, एकेक. मी टीव्हीपुढून आईला सांगायचे, आई मागच्या दारातून वर ओरडायची. वरून बाबा विचारायचे, "आता?" आई म्हणायची, "अजून थोडं पुसदकडे घ्या वो!" पुसद म्हणजे आमच्या शेजारचं गाव, तीच तिची दिशा. कधी बाबा जास्तच फिरवायचे आणि आलेलं चित्रही जायचं, मग सगळी खोली एका सुरात हळहळायची. मला तो आरडाओरडा सिनेमापेक्षा जास्त आवडायचा. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

असो. त्या दिवशी दुपारची जेवणं झाली होती. इरफानभाई शिडीवरून टिनावर चढले, पाइप दोन्ही हातांनी पिळून पाहिला आणि खाली उतरले.

"गंजून जाम झाला, ताई. तसूभर हालत नाई."

तेवढ्यात आईने हाक मारली. मी म्हटलं, "तुम्ही डबा लावा, मी आत फोन धरून बसते. खालूनच सांगत जाते आलं का नाही ते."

मी आईला पाणी दिलं आणि फोन हातात घेऊन पलंगावर बसले. वायफायच्या जागी नुसती फुली. थोड्या वेळाने टिनावर पावलं वाजली. सावकाश, एकेक. मनात म्हटलं, बरं झालं, इरफानभाई जपून चालून राहिलेत.

वरून आवाज आला, "आता?"

"नाही आलं अजून!" मी ओरडले.

पाइप करकरला. फुली गेली, एक रेष आली. "थोडं आलं!" मी म्हटलं. आणि आई, जी त्या औषधांनी दिवसभर गुंगीत असायची, ती मान उचलून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अजून थोडं पुसदकडे घ्या वो... अजून जरासं... बस्स, बस्स! राहू द्या!"

सगळ्या रेषा भरल्या. मी लगेच लॅपटॉप उघडून नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो एकदाही अडकला नाही. आई त्याच्याकडे बघून हसली, बऱ्याच दिवसांनी. मला इतका आनंद झाला की मी इरफानभाईंना चहा विचारायला अंगणात पळाले.

शिडी भिंतीच्या कडेला जमिनीवर आडवी ठेवलेली होती.

मला वाटलं ते उतरले असतील. समोर गेले तर ते फाटकाशी स्कूटर लावून राहिले होते, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"क्लॅम्प लहान पडला म्हणून दुकानात गेलतो, ताई. तुमाले आवाज देल्ला होता न मी."

"मग वर कोण होतं?"

"वर? शिडी तं मी काढून ठेवलती."

डबा समोरच्या टेबलावर होता, त्याचं सील फोडलेलं नव्हतं. वायरचं वेटोळं त्याच्या बाजूला. म्हणजे मागच्या खोलीत जे येत होतं ते आमच्याच जुन्या राउटरचं नेट होतं. इरफानभाईंनी खोलीत जाऊन स्वतःच्या फोनवर पाहिलं, बाहेर आले, पुन्हा आत जाऊन पाहिलं. मग शिडी लावून वर चढले. त्यांच्यामागे मीही. पाइपाच्या बुडाशी गंजाचा ताजा लाल भुगा पडला होता, आणि गंजावर घासल्याची चकचकीत खूण. इरफानभाईंनी पाइपला हात घालून सगळा जोर लावला. पाइप ढिम्म.

मी म्हटलं, वानरं असतील. आमच्याकडे टिनांवर वानरांचा धुडगूस रोजचाच. ते म्हणाले, "असतीन." पण वानर "आता?" असं विचारत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. खाली उतरल्यावर त्यांनी डबा उचलून डिकीत टाकला. मी म्हटलं, लावून तर जा, उद्या नेट गेलं तर? ते म्हणाले, "एवढं फुल येऊन राह्यलं, ताई. मी त्याच्यात कायले हात घालू?"

आत येऊन मी आईला विचारलं, "तू कोणाशी बोलून राहिली होतीस मघाशी?"

"कोणाशी म्हंजे? तुह्या बाबाशी. दुसरं कोण एवढं जपून चालते टिनावर?"

तिला गुंगी असेल. मला मात्र नव्हती. मला भीती वाटायला हवी होती, पण तसं काहीच झालं नाही. मी लॅपटॉप मांडीवर घेतला, संध्याकाळच्या मीटिंगला बसले आणि शेवटपर्यंत टिकले. कॅमेरा बंद होता ते बरं, कारण मी पूर्ण वेळ रडत होते.

नेट तेव्हापासून गेलेलं नाही. मी दोन जाणकारांना विचारलं. एक म्हणाला, सिग्नल कशावरून तरी परतून येत असेल. दुसरा म्हणाला, टिनामागे एवढं येणं शक्यच नाही, तुमचं मोजण्यात चुकलं असेल. तो आवाज बाबांचाच होता का, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. एका शब्दावरून काय ओळखणार?

आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. मध्यंतरी डॉक्टर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही. नवरा गाडी घेऊन न्यायला येणार होता. मी आईच्या साड्या बॅगेत भरायला घेतल्या, तर तिने माझा हात धरला.

"मी नाई येत, बाई."

"काहून? आता तं चालता येते तुले."

तिने वर टिनाकडे पाहिलं. "चित्र आलं का मी त्यायले सांगत होती, उतरा आता. मी म्हटल्याबिगर ते उतरत नव्हते. सिनेमा सरला तरी वरच बसून राहत." मग म्हणाली, "यावेळेस मी म्हटलंच नाई."

"काहून नाही म्हटलं?"

"म्हटलं असतं तं गेले नसते का मंग?"

मी भरलेल्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवल्या, आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं की गाडी काढू नको.