खुब्याची पेशी

औंढ्याच्या पलीकडच्या माळावर मेंढरं राखण्यात लिंबाजीचा जन्म गेला. बोलायला गोड, चालायला चपळ, आणि हट्टाला पेटला तर नागनाथालाही न ऐकणारा गडी. २००३ साली एका मारक्या एडक्यानं त्याला ओढ्यात लोळवलं आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मोडका खुबा काढून धातूचा बसवला. घरी सोडताना ते म्हणाले, "आजोबा, धातूला हाडाच्या पेशी लागल्या की खुशाल चाला. तोवर या पायावर भार नको."

लिंबाजीला ठाऊक असलेली पेशी एकच, कोर्टातली, तारखेची. भावकीतल्या बांधाच्या दाव्यात पेशीवर पेशी पडून त्याच्या वहाणा झिजल्या होत्या, आणि बांध होता तिथंच राहिला होता. आता हाडाचाही दावा लागला म्हणायचा! घरात सांगायची सोय नव्हती, कारण कोर्टाचं नाव काढलं की बायको अनुसयाबाई त्याचा उद्धार करायची. तो गुपचूप दारातल्या बाजेवर बसून कोर्टाच्या चपराशाची वाट पाहू लागला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला आणि हनुमानला, लिंबाजीच्या मुलाला, सांगितलं, "हाडानं छान धरलंय. आता यांना चालतं करा, नाहीतर पाय वाळेल." पण लिंबाजी बाजेवरून हलेल तर शपथ! "अजून टाइम न्हाई झाला," एवढंच म्हणायचा. शेती आणि मेंढरं दोन्ही सांभाळून हनुमान मेटाकुटीला आला. म्हाताऱ्यानं हाय खाल्ली असं समजून त्यानं कळप विकायचं ठरवलं आणि जवळा बाजारच्या जळबा बेपाऱ्याला निरोप धाडला. लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. कळप गेला की आपण मेल्यात जमा, असं त्याला वाटत होतं.

बेपारी येणार त्याच्या आदल्या दिवशी हनुमानची लेक रागिणी दिवाळीच्या सुट्टीत परभणीहून आली. ती तिथं कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती.

"आबा, काहून बसून राहिले? डॉक्टरनं चालायला सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं, बाई. पण पेशी कुठं लागली? अन् लागली तरी पहिल्या पेशीत निकाल होत असतोय व्हय?"

रागिणीला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा ती अशी हसली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मग आबाच्या शेजारी बाजेवर बसली.

"ती पेशी न्हाई, आबा! ही पेशी म्हंजे हाडातला जित्ता कण, डोळ्याला न दिसणारा. त्याला उघडा धातू परका वाटतो. पण धातू अंगात गेला की आधी रक्तातली प्रथिनं त्याच्यावर जाऊन बसतात. त्यांचा थर चढला की पेशी त्या थराला धरतात अन् तिथं नवं हाड बांधतात."

"प्रथिनं म्हंजी?"

"दुधात, डाळीत असतात ना, त्या जातीची. पण ही तुमच्याच रक्तातली."

लिंबाजीनं डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजी पोरकं कोकरू लावल्यावानी! मेंढी दुसरीचं कोकरू पाजत न्हाई. मंग आमी तिच्या मेलेल्या कोकराचं कातडं त्याच्या पाठीवर टाकतो. वास आपला आला की घेते पोटाशी."

"बराबर! पण थर नीट बसला न्हाई, तर पेशी जवळ करत न्हाईत."

"अन् माझ्या?" त्यानं खुब्यावर हात ठेवला.

"तुमच्या कवाच धरल्या. डॉक्टरनं फोटोत पाहिलं की! निकाल तुमच्याच बाजूनं लागला."

लिंबाजीनं काठी मागितली. भीत भीत पाय टेकला. थोडं दुखलं, पण खुबा जागचा हलला नाही. आनंदानं त्याला काय करू नि काय नको असं झालं. तो काठी टेकत अंगणभर फिरला, आणि सगळा प्रकार कळल्यावर अनुसयाबाईनं सुनावलेली बोलणीही त्यानं हसत हसत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळबा बेपारी आला, तर मेंढरांचं वाडगं रिकामं. हनुमान ओशाळून उभा. अनुसयाबाईनं बेपाऱ्यापुढं चहा ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, डोळे पुसत म्हणाली, "चहा घ्या अन् जा भाऊ. आमचं माणूस मेंढरामागं गेलंय!"