जीवनचा नायट्रोजन

आंधळगावात जीवनला सगळे गाईचा डॉक्टर म्हणतात. डॉक्टर तो नाही. वीर्य गोठवून ठेवणाऱ्या अतिथंड द्रव नायट्रोजनचा कंटेनर मोटरसायकलला बांधून तो गावोगाव गाईम्हशींचं कृत्रिम रेतन करत फिरतो. बीएस्सीला भौतिकशास्त्रात पहिला आला होता तो. दुसरी आलेली रत्नमाला बंगळूरला शास्त्रज्ञ झाली, आणि हे त्याला बारा वर्षं पचलेलं नाही. पेपरात तिचा फोटो दिसला, की त्या दिवशी बायकोच्या भाजीत मीठ कमी पडायचं.

तीच परवा गावच्या शाळेत आली. तांबं आणि ऑक्सिजनचे थर असलेली एक काळी टिकली थंडगार करून तिला त्यावर चुंबक तरंगवून दाखवायचं होतं. शाळेच्या फाटकातच तिने जीवनकडे नायट्रोजन मागितला.

"संपला," तो म्हणाला. गाडीवरचा कंटेनर भरलेला होता. तिची फजिती बघायला तो वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला.

पण बाई फजीत होईल तर ना! तिने खडू घेतला, फळ्यावर थर काढले, थरात इवलीइवली चुंबकं काढली. एकाचं तोंड वर, शेजारच्याचं खाली.

"ही शिस्त हाये तोवर वीज अडते. थोडा ऑक्सिजन वाढवला की शिस्त मोडते. मंग थंडीत वीज बिनअडथळा धावते, अन् तीच वरच्या चुंबकाले उचलून धरते."

"म्हंजे या चुंबकायचं अन् विजेचं वैर हाये?" सातवीतल्या गुड्डीनं विचारलं.

"वैर हाये. पण बिनअडथळा धावाले विजेच्या कणायले जोडी लागते, अन् शिस्त मोडल्यावर चुंबकायची जी चुळबुळ राहते, तिनंच त्या जोड्या जमत असतील, असंबी वाटते. पक्कं कोणालेच मालूम नाही. मीबी शोधूनच राहिली."

तिलाही माहीत नाही! जीवनला मेल्याला आधी गारेगार वाटलं. मग त्याचीच चुळबुळ सुरू झाली. ते तरंगणारं चुंबक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि नायट्रोजन तर दहा पावलांवर. आणावा तर चाळीस पोरांसमोर खोटं उघडं पडणार.

शेवटी तो उठला आणि कंटेनर आणून टेबलावर ठेवला. "होता," एवढंच म्हणाला. कान लाल झाले होते.

रत्नमालाने टिकलीवर नायट्रोजन ओतला. धूर ओसरला आणि चुंबक अधांतरी थांबलं. पोरं ओरडली, जीवनही ओरडला.

त्या गलक्यात रत्नमाला हळूच म्हणाली, "मले मालूम होतं. तू आत गेल्यावर झाकण उचलून पाह्यलं होतं मी."

"मंग बोलली काहून नाही?"

"तूच आणशील म्हणून."

तिने चारचौघांत झापलं असतं तरी त्याने सोसलं असतं. तिच्या नोकरीचा हेवा त्याने बारा वर्षं केला होता. त्या दिवशी तिच्या मोठ्या मनाचा वाटला, आणि तो जास्त झोंबला.